दहावीनंतर अभियांत्रिकी: पदविकेची वाट की अकरावी-बारावीची?

आपल्या मुलाने किंवा मुलीने अभियंता व्हावे असे ज्या घरांत वाटते, त्या घरांपुढे दहावीच्या निकालानंतर दोन वाटा उभ्या राहतात. एक तंत्रनिकेतनात (पॉलिटेक्निकमध्ये) तीन वर्षांची पदविका (डिप्लोमा) करून पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची, आणि दुसरी अकरावी-बारावी विज्ञान करून सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर पदवीच्या पहिल्या वर्षात जाण्याची. पदविका घेतली की एक वर्ष वाया जाते, असे अजूनही अनेक पालक ठामपणे सांगतात, म्हणून आधी वर्षांचा हिशेब मांडतो. पहिल्या वाटेने तीन अधिक तीन, दुसऱ्या वाटेने दोन अधिक चार. दोन्हीकडे सहाच वर्षे होतात.

मी स्वतः पदविकेच्या वर्गांना शिकवतो, त्यामुळे माझा कल कुठे झुकण्याचा संभव आहे हे वाचकाने ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

पदविकेला प्रवेशपरीक्षा नाही. तंत्रशिक्षण संचालनालयाची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया दहावीच्या गुणांवर चालते आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ दर सहामाहीला घेते. शिकण्याची तऱ्हा पहिल्याच महिन्यात बदलते. कार्यशाळेत मुलाच्या हाती लोखंडी पट्टीचा तुकडा आणि कानस दिली जाते. तो तासन्‌तास घासतो, काटकोन्या लावून तुकडा उजेडासमोर धरतो, आणि फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायला बसतो. ज्या मुलांना शाळेत भूमितीचा काटकोन कधी आवडला नाही, ती इथे त्या रेघेसाठी हट्टाला पेटलेली मी पाहिली आहेत. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मॅन्युअल (प्रयोगवह्या), सबमिशन आणि मायक्रोप्रोजेक्ट (छोटे प्रकल्प) यांचा रतीब सुरू झाला की बरीच मुले शेजारच्याचे उतरवून मोकळी होतात, आणि ज्या संस्थेत ते चालवून घेतले जाते तिथे तीन वर्षांत कागदच तेवढे वाढतात. शिवाय दर सहामाहीचे विषय मागे राहू लागले, तर मूल वायडीत (इयर डाउन, म्हणजे पुढच्या वर्षात न जाता मागे राहणे) अडकते आणि वर मांडलेला सहा वर्षांचा हिशेब तिथेच कोसळतो.

दुसऱ्या वाटेवर दोन वर्षांच्या अभ्यासाचे फळ तीन तासांवर टांगलेले असते. सीईटीच्या अभियांत्रिकी गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद; गणिताचे 50 प्रश्न पुढच्या 90 मिनिटांत, आणि त्यांना प्रत्येकी दोन गुण. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न मोकळा सोडायचा नसतो, आणि ही सवयसुद्धा मुद्दाम लावून घ्यावी लागते. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मराठीतून सोडवता येते, परंतु गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या मराठी शाळांतून आलेल्या मुलांना ही गोष्ट अकरावीच्या आरंभीच कळायला हवी. बारावीच्या डिसेंबरात कळून उपयोग होत नाही.

या वाटेचा खर्च महाविद्यालयाच्या फीमध्ये दिसत नाही, तो नाशिकच्या गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या क्लासच्या पावतीवर दिसतो. दोन वर्षांच्या क्लासची फी पुष्कळदा शासकीय तंत्रनिकेतनाच्या तिन्ही वर्षांच्या फीपेक्षा कितीतरी जास्त भरते. मूल नावाला कनिष्ठ महाविद्यालयात आणि प्रत्यक्षात दिवसभर क्लासमध्ये, अशी सोय इतकी बोकाळली होती की राज्य शासनाला 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. क्लासशी बांधलेल्या महाविद्यालयात प्रवेश घेणार असाल, तर प्रयोगशाळा कोणत्या दिवशी उघडते एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून बरेच समजते.

शाखा ठरवण्याच्या बाबतीत अकरावीची बाजू निर्विवाद भक्कम आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी यंत्र, विद्युत, स्थापत्य की संगणक हे ठरवणे कठीण असते आणि बहुधा ते मूल ठरवतही नाही, मामा किंवा शेजारी ठरवतात. अकरावी विज्ञानात हा निर्णय दोन वर्षे लांबतो. जीवशास्त्र घेतले असेल तर वैद्यकीय व औषधनिर्माणाकडची दारेही उघडी राहतात. पदविकेनंतर पदवीला वेगळी शाखा घेता येते हे खरे, मात्र स्थापत्याची पदविका घेऊन संगणकाच्या दुसऱ्या वर्षात बसलेल्या मुलाला पहिले सहा महिने वर्गात काय चालले आहे हे शोधण्यातच जातात.

थेट दुसऱ्या वर्षाचे आणखी एक दुखणे फारसे बोलले जात नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित या मुलांनी केलेले नसते आणि दुसऱ्या वर्षी त्यावर उभे असलेले पुढचे गणित समोर येते. पदविकेत 90 टक्के मिळवणारी मुले इथे नापास होतात. कार्यशाळेत आणि आरेखनात ती वर्गमित्रांच्या पुढे असतात, त्यामुळे गणितातली घसरण त्यांना अधिक झोंबते. पदविका संपल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या काळात अवकलन आणि समाकलन पुन्हा घासून घेतले, तर यातले बरेचसे टळते. जागांचे म्हणाल, तर मंजूर जागांच्या 10 टक्के अतिरिक्त जागा आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा एवढ्यावर हा प्रवेश चालतो. नावाजलेल्या महाविद्यालयातल्या संगणक शाखेसाठी चुरस तीव्र असते.

नोकरीचा विचार नाशिकमध्ये जास्त वजनदार ठरतो. सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत पदविकाधारकाला प्रशिक्षणार्थी म्हणून शिरकाव मिळतो, आणि सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, रेल्वे यांतली कनिष्ठ अभियंत्याची पदे पदविकेवर भरली जातात. राज्यसेवेला मात्र पदवीच लागते. घरात वडिलांची नोकरी डळमळीत असेल, द्राक्षाच्या बागेवर कर्ज असेल, तर अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हाती आलेले प्रमाणपत्र मोठा आधार असतो. गरज पडली तर मूल कमवू लागते आणि पदवी नंतर करते. नुसत्या बारावी विज्ञानावर तशी नोकरी मिळत नाही. मुलींच्या बाबतीत खर्चाचे गणित बदलले आहे: 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे.

माझे मत विचारले तर ज्याला घरातला पंखा उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही आणि जो रोजचे काम रोज उरकतो, त्याला दहावीत 90 टक्के असले तरी तंत्रनिकेतनात घालावे. पदविका ही कमी गुणांच्या मुलांची सोय आहे हा समज सोडून द्यावा. ज्याला गणित मनापासून आवडते, पण यंत्र की संगणक हे सांगता येत नाही, त्याने अकरावी घ्यावी. दोन्ही नसेल तर केवळ अभियंता व्हायचे म्हणून यांपैकी काहीच घेऊ नये.

आणि तरीही ठरत नसेल, तर अकरावीचा ऑनलाइन अर्ज आणि पदविकेचा अर्ज दोन्ही भरून ठेवावेत. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र एकच असतो. तो घाईने एकीकडे जमा केला आणि नंतर नाशिक रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनात नाव लागले, तर प्रवेश रद्द करून दाखला सोडवून आणण्यात मुदतीचे दोन-तीन दिवस निघून जातात. म्हणून दोन्ही प्रक्रियांच्या फेऱ्यांच्या तारखा एका कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात.