स्पायरल स्कोअरबुक, अख्खा सीझन वापरून (मार्च ते ऑक्टोबर २०२५)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे, कारण वही साधी असली तरी सात महिने ती आमच्या डायनिंग टेबलवरच होती आणि तिच्यात सिएटल मरिनर्स या बेसबॉल टीमचा २०२५ चा सीझन आहे, पेन्सिलने लिहिलेला. आम्ही राहतो सिएटलजवळ, मी मूळची नाशिकची, लेक अकरा वर्षांची आणि बेसबॉलची आवड घरात तिच्यामुळे आली. वही घ्यायचं कारण एवढंच की टीव्हीवर मॅच बघताना ती फोन घेऊन बसायची, म्हटलं हाताने स्कोअर लिही. एका मॅचला समोरासमोरची दोन पानं, डावीकडे पाहुणी टीम, उजवीकडे आपली, आणि आमच्या वहीत ५० मॅचची जागा आहे. आम्ही ४४ भरल्या.

कागद जाड आहे, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे खोडावं फार लागतं. स्पायरलमुळे वही सपाट पडते, मांडीवर ठेवूनही लिहिता येतं. चौकटी थोड्या लहान आहेत. लिहायची पद्धत दोन-तीन मॅचमध्ये जमते, मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक नंबर, बॉल टाकणारा पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, असं करत राइट फील्ड ९, म्हणजे ६-४-३ लिहिलं की कळतं शॉर्टस्टॉपने (६) बॉल सेकंड बेसला (४) दिला, तिथून फर्स्टला (३), दोन आउट. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट झाला की, के. ही लिहायची पद्धत रुळवण्यात मोठा वाटा हेन्री चॅडविकचा, तो मूळचा इंग्लंडचा आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण माझे बाबा नाशिकला क्लबच्या मॅचचा स्कोअर लिहायचे, त्यांचं ते मोठं जाड रजिस्टर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. एक लक्षात ठेवा, आता पिच क्लॉक आहे, म्हणजे पिचरला बॉल टाकायला ठरलेला वेळ, बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, रनर असेल तर १८, त्यामुळे लिहिताना मान वर-खाली करायला वेळच मिळत नाही.

सुरुवातीला लिहिणारे आम्ही चौघं होतो, मी, नवरा, लेक आणि दीर. दिराचं अक्षर सगळ्यात सुंदर, एप्रिलची पानं बघत राहावीत अशी. जूनमध्ये त्याला ऑस्टिनला नोकरी लागली आणि तो गेला. नवऱ्याची शिफ्ट बदलली, संध्याकाळच्या मॅच त्याच्या हातून सुटल्या. मग जुलैत आई-बाबा नाशिकहून आले आणि बाबांनी वही ताब्यात घेतली. त्यामुळे वही चाळली की अक्षरावरूनच कळतं कुठला महिना आहे ते.

आणि तसंच टीमचं. मार्चमधलं पहिलं पान काढलं तर सेकंड बेसला रायन ब्लिस, राइट फील्डला व्हिक्टर रोब्लेस. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच दोघं दुखापतीने बाहेर, रोब्लेसचा तर सॅन फ्रान्सिस्कोत कॅच घेताना खांदा निखळला. मग बेन विल्यमसन आला थर्ड बेसला. मे महिन्यात टेक्सासने सोडलेला लिओडी तावेरास आला, जूनमध्ये बाहेर. राउडी टेलेझ, ११ होम रन मारून जूनमध्येच बाहेर. लेकीने लाइनअपमध्ये त्यांची नावं आधीच लिहून ठेवलेली असायची, मग खोडायला लागायची, आणि एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, आई हे लोक जातात कुठे?

तिला समजवायचं म्हणून मी नीट शिकले. टीमच्या अ‍ॅक्टिव्ह यादीत २६ जण, त्यात पिचर जास्तीत जास्त १३, सप्टेंबरमध्ये यादी २८ ची होते. त्याच्या बाहेरची मोठी यादी ४० ची. तरुण प्लेअरकडे 'ऑप्शन' शिल्लक असेल तर त्याला खाली टकोमाला, म्हणजे मरिनर्सच्या खालच्या पातळीच्या टीमकडे, पाठवता येतं आणि परत बोलावता येतं. ज्याचे ऑप्शन संपले त्याला मात्र ४० मधून काढूनच जागा करावी लागते, त्याला डीएफए म्हणतात, मग टीमकडे सात दिवस, ट्रेड करा, वेव्हरवर टाका (म्हणजे दुसऱ्या टीमना त्याला घ्यायची संधी द्या), नाहीतर सोडून द्या. बाबांनी विचारलं, म्हणजे काढून टाकला का? मी म्हटलं, बहुतेक वेळा हो. त्यांनी मग एक पद्धत पाडली जी आम्ही शेवटपर्यंत ठेवली, गेलेल्या माणसाचं नाव खोडरबरने पुसायचं नाही, एक बारीक रेघ मारायची आणि बाजूला नवीन नाव लिहायचं. म्हणाले, खेळलाय ना तो, मग पुसायचं कशाला.

ती पद्धत सगळ्यात जड गेली डिलन मूरच्या वेळी. २०१९ पासूनचा माणूस, कुठेही उभा करा खेळायचा, २०२४ मध्ये त्याला युटिलिटीचं, म्हणजे अनेक जागी खेळणाऱ्यांसाठीचं, गोल्ड ग्लव्ह हे फिल्डिंगचं बक्षीस मिळालं होतं. ऑगस्टच्या शेवटी, रोब्लेस परतला त्याच सुमारास, मूरला सोडलं. त्याची बॅटिंग त्या वर्षी पडली होती हे खरं आहे, आमच्याच पानांवर त्याच्या चौकटीत के वर के आहेत, तरी मला वाटतं अशा माणसाला सीझन संपेपर्यंत बेंचवर ठेवायला हवं होतं. नवऱ्याचं म्हणणं वेगळं, तो म्हणतो २६ जागांमध्ये भावनेला जागा नसते. आमचं यावर अजून एकमत नाही.

उलट जुलैच्या अखेरचे निर्णय मात्र पटले. अ‍ॅरिझोनाकडून आधी जॉश नेलर, मग युहेनियो सुआरेझ, जो २०२२-२३ मध्ये इथेच होता. त्याच्यासाठी विल्यमसनला टकोमाला जावं लागलं, त्याची काहीही चूक नसताना. विल्यमसनचा ग्लव्ह, म्हणजे फिल्डिंग, उत्तम, बॅटमध्ये जोर कमी. पण १७ ऑक्टोबरला टोरोंटोविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये सुआरेझने ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर रनर असताना होम रन, मारला ती चौकट लेकीने इतकी जोरात भरलीये की मागच्या पानावर उमटली आहे.

आता वहीची खरी परीक्षा. १० ऑक्टोबर, प्लेऑफमधली डेट्रॉइटविरुद्ध पाचवी, निर्णायक मॅच. त्यांचा पिचर स्कूबल, त्याने सहा इनिंगमध्ये १३ के काढले, बाबा के लिहून लिहून थकले. सातव्यात आपण १-२ ने मागे, आणि पिंच हिटर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला, आला लिओ रिवास. हा मुलगा वर्षभर टकोमा-सिएटल येरझाऱ्या घालणारा, यादीतला अगदी शेवटचा माणूस म्हणा ना, आणि त्या दिवशी त्याचा २८ वा वाढदिवस. त्याने सिंगल (फर्स्ट बेसपर्यंत पोचवणारा फटका) मारून बरोबरी केली. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला प्लेअर त्या मॅचमध्ये परत येत नाही, म्हणून बॅटिंगच्या प्रत्येक नंबरखाली बदली नावासाठी जास्तीची ओळ असते, ती ओळ कशासाठी असते ते मला त्या रात्री कळलं. मग मॅच लांबतच गेली. आमच्या वहीत १२ इनिंगचे रकाने आहेत आणि मॅच गेली १५ पर्यंत, गिल्बर्ट आणि कास्तियो, जे एरवी मॅच सुरू करतात, ते मधून पिचिंगला आले, पिचरच्या नावांची जागा संपली, बाबांनी किराणाच्या बिलाच्या मागे तीन रकाने आखले आणि सेलोटेपने चिकटवले. आपल्या पोलांकोच्या सिंगलवर ३-२ ने जिंकलो तेव्हा आई झोपेतून उठून बाहेर आली.

शेवटचं भरलेलं पान २० ऑक्टोबरचं, दिवाळीच्या दिवशी, टोरोंटोतली सातवी मॅच, जो जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला. सातव्या इनिंगमध्ये टोरोंटोच्या स्प्रिंगरचा तीन रनांचा होम रन, ३-४. मरिनर्स आजवर एकदाही वर्ल्ड सिरीजला गेलेले नाहीत आणि जिंकायला आठ आउट उरले असताना तो बॉल गेला. लेकीने पेन्सिल खाली ठेवली, उरलेल्या चौकटी बाबांनी भरल्या, एकही सोडली नाही.

घ्यायची का? हो, घ्या. पण १५ रकान्यांची मिळाली तर ती बघा, पिचरच्या ओळी जास्त असलेली, आणि पेन नको, पेन्सिलच वापरा. बाबा परत गेलेत, जाताना रिकाम्या सहा मॅचची पानं लेकीला मोजून दाखवली. दीर म्हणतोय मार्चमध्ये सुट्टी काढून येतो, पहिलं पान त्याच्यासाठी ठेवलंय.