टाहोच्या डोंगरात एकच दिवस: फ्लूम ट्रेल निवडावी की स्टार लेकची वाट?

कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर, सुमारे 1,897 मीटर उंचीवर पसरलेल्या टाहो सरोवराच्या परिसरात माउंटन बाइक चालवायला निघालेल्या माणसाची पहिली निराशा नकाशावरच होते. शंभराहून अधिक तळी पोटात घेऊन बसलेला पश्चिमेकडचा डेसोलेशन हा रानाचा भाग सायकलींना बंद आहे, कारण 1964 च्या विल्डरनेस कायद्याने संरक्षित केलेल्या रानांत सायकलसुद्धा चालत नाही. सरोवराभोवती फिरणारी सुमारे 265 किलोमीटरची टाहो रिम ट्रेल 2001 मध्ये पूर्ण झाली. पण तीही जिथे पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेशी एक होते, तिथे सायकलस्वाराला मज्जाव आहे. त्यामुळे उंचावरच्या तळ्याकाठून जाणारी आणि सायकलला खुली असलेली वाट हवी असेल, तर बहुतेकांची निवड पूर्वेकडच्या दोन मार्गांपाशी येऊन थांबते: मार्लेट तळ्यावरून जाणारी फ्लूम ट्रेल, आणि स्टार लेकवरून जाऊन सॅक्सन क्रीकच्या उताराने खाली येणारी लांबलचक वाट.

या दोन्ही वाटा ‘अवघड’ म्हणून ओळखल्या जातात, आणि निवडीतला गोंधळ इथूनच सुरू होतो. फ्लूमची अडचण नजरेची आहे, स्टार लेकची फुप्फुसांची आणि तळहातांची. एका वाटेवर जो सहज तरून जातो तो दुसरीवरही तरेल, असे मुळीच नाही.

फ्लूमची फेरी स्पूनर तळ्यापासून सुरू होते. सुमारे 2,130 मीटरवरून नॉर्थ कॅन्यनच्या रुंद कच्च्या रस्त्याने वर चढायचे, खिंड ओलांडून मार्लेट तळ्याकाठी उतरायचे, आणि तळ्याच्या बंधाऱ्यापासून खरी सिंगलट्रॅक, म्हणजे एकाच सायकलीपुरती अरुंद वाट, धरायची. चढ एकूण साडेतीनशे ते चारशे मीटरचा असला, तरी खिंडीखालचा शेवटचा टप्पा भुसभुशीत आणि उभा असल्यामुळे तिथे बरेच जण सायकल ढकलतच नेतात, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. पुढची सुमारे सात किलोमीटरची वाट मात्र आश्चर्य वाटावे इतकी सपाट आहे. त्यामागचे कारण तिच्या नावात आहे, कारण फ्लूम म्हणजे पन्हळ: 1870 च्या दशकात व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींकडे पाणी नेण्यासाठी डोंगराच्या अंगाला लाकडी पन्हळ बसवली होती, आणि वाहत्या पाण्याला जितका उतार लागतो तितकाच आज सायकलच्या वाट्याला येतो. जुन्या नळांचे गंजलेले तुकडे अजून वाटेच्या कडेला पडलेले दिसतात.

पन्हळीची ही कड टाहोच्या पाण्यापासून साडेचारशे मीटरहून जास्त उंच आहे. वाट उत्तरेकडे जाते, म्हणून सरोवर आणि खोल उतार सतत डाव्या हाताला राहतात. उजवीकडे ग्रॅनाइटचा कडा इतका जवळ येतो की हँडलबारचे टोक दगडाला घासू नये म्हणून खांदा आत घ्यावा लागतो. दरड कोसळलेल्या काही ठिकाणी उतरून, सायकल उचलून पलीकडे जाणे हेच शहाणपणाचे. तंत्राच्या हिशेबाने इथे कठीण असे फार थोडे आहे, पण नजर खाली गेली की चाकही तिकडेच ओढले जाते, आणि उंचीची भीती असलेल्या चांगल्या सायकलस्वाराचेही हात इथे ताठ होतात. सरोवर पाहायचे असेल तर थांबून पाहावे. शेवटी टनेल क्रीकचा रस्ता इन्क्लाइन व्हिलेज या गावाकडे उतरतो. तो रुंद असला तरी वाळूने भरलेला आहे, आणि फ्लूमवर जपून आलेली माणसे इथे निर्धास्त होऊन वेगात घसरतात. सगळे मिळून अंतर बावीस किलोमीटरच्या आसपास भरते. सुरुवातीच्या ठिकाणी परत नेणारी शटलगाडी मिळत असल्यामुळे दिवसाची आखणीही सोपी होते.

स्टार लेकची वाट याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. किंग्सबरी या घाटाच्या दक्षिणेकडच्या सुरुवातीच्या ठिकाणापासून रिम ट्रेलने चौदाएक किलोमीटर गेल्यावर, सुमारे 2,770 मीटर उंचीवर जॉब्स सिस्टर या शिखराच्या पायथ्याशी हे तळे लागते. पाणी गार, काठ दगडाळ आणि आजूबाजूला विरळ झाडी. तिथवर पोहोचल्यावर निम्मे काम झाले असे वाटते, पण तसे नसते. तळ्यापासून वाट आणखी वर चढून 3,317 मीटर उंचीच्या फ्रील पीकच्या खांद्यावरून, म्हणजे सुमारे 2,950 मीटरवरून, पलीकडे जाते. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच उरतो, त्यामुळे घरी हसतखेळत चढता येणारा चढ इथे तीनदा थांबायला लावतो. त्यातच इथला ग्रॅनाइट झिजून त्याचे जाड पांढरे दाणे वाटभर पसरलेले असतात, आणि वळणावर पुढचे चाक त्यांच्यावरून फरशीवर सांडलेल्या साबुदाण्यावरून पाय सरकावा तसे सरकते. अशा वळणांवर पुढचा ब्रेक दाबण्याचा मोह आवरावा लागतो. वेग वळणाआधीच कमी करून ठेवावा.

आर्मस्ट्राँग पास या खिंडीपर्यंत उतरून पुन्हा चढ घेतल्यावर सॅक्सन क्रीकचा फाटा येतो. स्थानिक सायकलस्वार या उताराला ‘मिस्टर टोड्स’ म्हणतात. त्याच्या वरच्या भागात गुडघ्याएवढ्या उंचीच्या दगडी पायऱ्या, त्यांच्यामध्ये चाक अडकेल अशा फटी आणि नेमकी रेषा न सापडल्यास थेट हँडलबारवरून पुढे फेकणारे टप्पे आहेत; खालचा भाग मात्र वळणावळणाचा, वेगाचा आणि निखळ आनंदाचा. अडचण क्रमाची आहे. मार्गातला सर्वांत तांत्रिक तुकडा तीसेक किलोमीटर आणि बहुतेक सगळी चढण पार केल्यानंतर येतो, जेव्हा मांड्या थकलेल्या असतात आणि ब्रेक दाबून बोटे बधिर झालेली असतात. ताज्या अंगाने जी पायरी सहज उतरता येते, तीच या वेळी पाडते. म्हणून ‘मला दगडांवरून उतरता येते का’ हा प्रश्न अपुरा आहे. हजार मीटरच्या घरातली चढण संपवून, पाचसहा तास सायकलवर काढल्यावरही उतरता येते का, असे स्वतःला विचारावे.

एका बाबतीत मात्र हा कठीण मार्ग अधिक दयाळू आहे, आणि निवड करताना या गोष्टीचा विचार सहसा होत नाही. स्टार लेकजवळून हाय मेडोजकडे उतरणारी वाट फुटते आणि आर्मस्ट्राँग पासवरून फाउंटन प्लेसच्या डांबरी रस्त्याकडे जाता येते. म्हणजे दमलेल्या माणसाला मिस्टर टोड्सच्या आधी दोनदा सुटका मिळते. फ्लूमला अशी सोय नाही. ती वाट एकेरी आहे, सायकलींना मार्लेटकडून टनेल क्रीककडेच जाता येते. कड्यावर पोहोचल्यावर मन कचरले, तर उरते ते उतरून सायकल हाताने चालवत नेणे.

सायकलीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फ्लूमला चांगली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे धक्के शोषणारी सायकल, पुरते. स्टार लेकसाठी पुढे-मागे दोन्हीकडे सुमारे 140 मिलिमीटर दबून धक्के शोषणारे फुल सस्पेन्शन, चालवताना सीट खाली-वर करता येणारा ड्रॉपर पोस्ट, छिद्र बुजवणारे सीलंट भरलेले ट्यूबलेस टायर आणि गुडघ्यांची पॅड असावीत. पाणी गाळायचे फिल्टरही सोबत हवे, कारण इतक्या लांबच्या वाटेसाठी लागणारे सगळे पाणी पाठीवर वाहून नेणे कुणालाच जमत नाही.

उंच कठड्याशेजारून चालताना ज्याचे पाय लटपटतात त्याने, तब्येत दणकट असेल तर, सरळ स्टार लेककडे जावे. आणि ज्याला उंचीचे काही वाटत नाही पण ज्याने दगडी उतार फारसे केलेले नाहीत, त्याने फ्लूम घ्यावी. आव्हान म्हणूनच वाट शोधत असाल तर माझे मत निःसंशय स्टार लेकच्या बाजूचे आहे, फक्त पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ती करू नये. तीन दिवस हाताशी असतील तर आधी फ्लूम, मग एक दिवस विश्रांती, आणि त्यानंतर स्टार लेक हा क्रम शरीराला उंचीची सवय व्हायलाही सोयीचा पडतो.

हंगामाने कधीकधी ही निवड आपोआपच केलेली असते. फ्लूम साधारण जूनमध्ये चालवण्याजोगी होते, पण फ्रीलच्या उत्तर उतारावर जुलैपर्यंत बर्फ टिकू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीजवादळे उठतात, तेव्हा फ्रीलचा खांदा दुपारच्या आत ओलांडलेला असावा आणि त्यासाठी पहाटेच निघावे. सप्टेंबरच्या शेवटी नॉर्थ कॅन्यनमधली अस्पेनची झाडे पिवळी होतात, वादळे ओसरलेली असतात आणि दोन्ही वाटा खुल्या असतात. मात्र दिवस लहान झालेला असल्यामुळे स्टार लेकसाठी निघताना डोक्यावरचा दिवा सोबत घ्यावा.