सोबा घरी करण्याचा संच : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जपानमधल्या नागानोत राहायला येऊन तिसरं वर्ष चालू आहे. सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, हा इथला अभिमानाचा विषय. तोगाकुशीला लोक दूरदूरून तेवढ्यासाठी येतात. तरी मला घरी करून बघायच्या होत्या, म्हणून फेब्रुवारीत साधारण 18 हजार येनला एक संच घेतला. तेव्हापासून बहुतेक रविवारी 500 ग्रॅम पीठ मळलं आहे. तेवढ्यात चौघांचं पोटभर जेवण होतं.

संचात पाच वस्तू आहेत. 36 सेंटिमीटरचं खोलगट मळायचं भांडं, 90 सेंटिमीटरचं लाटणं, चौकोनी पाट, रुंद पात्याची सुरी आणि 'कोमाइता'. कोमाइता म्हणजे एका कडेला उभी पट्टी असलेली हलकी फळी. कापताना सुरी त्या पट्टीला टेकवून चालवायची आणि दर कापाला सुरी किंचित डावीकडे कलती करायची. फळी आपोआप एका शेवईएवढी सरकते. इतकी साधी, इतकी नेमकी वस्तू माझ्या स्वयंपाकघरात दुसरी नाही. भांडं आणि लाटणं उत्तम निघाली. पाट मात्र जूनच्या पावसात वाकला. आता त्याखाली ओला फडका अंथरून भागवते, पण पुन्हा घेताना पाट वेगळा, जाड घेईन. सुरीला एकाच बाजूने धार आहे, उजव्या हाताच्या माणसासाठी. माझा नवरा डावखुरा, त्याला ती चालवता येत नाही. डावखुऱ्यांसाठीची सुरी वेगळी मिळते, घेण्याआधी विचारून घ्या.

पण शेवया जमणं-न जमणं या अवजारांवर फारसं नाही. ते पिठावर आहे आणि हे कळायला मला जुलै उजाडला.

सुरुवातीला मी इथली रूढ 'निहाची' पद्धत धरली : 400 ग्रॅम कुट्टू, 100 ग्रॅम गव्हाचं पीठ. कुट्टू हे धान्य नाहीच. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली वनस्पती, तिचं तीनधारी काळपट बी. त्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून गव्हाची मदत. वसंतात हे छान जमलं. जुलैत तेच प्रमाण, तेच हात, आणि लाटताना कडा फाटायला लागल्या. उकळत्या पाण्यात शेवयांचे बोटभर तुकडे झाले. मी पाणी वाढवलं, मग गहू वाढवला. काही उपयोग नाही. एका रविवारी आई फोनवर बघत होती. ती सोलापूरची, आयुष्यभर ज्वारीच्या भाकरी थापलेली. म्हणाली, "अगं, विरी गेलीय पिठाची. कधीचं आहे ते?"

पिशवी उलटून पाहिली. पीठ दळून चार महिने झाले होते आणि मी ते ओट्याखालच्या कपाटात ठेवलं होतं. "आधणाचं पाणी घालून बघ," आई म्हणाली. गरम पाण्याने पिठातलं स्टार्च शिजून चिकट होतं, आपण विरी गेलेल्या पिठाची भाकरी करतो ते याच जोरावर. जपानी लोकही तसं करतात, त्याला 'युगोने' म्हणतात. शेवया तुटायच्या थांबल्या, पण वास थोडा मंदावला. तेव्हापासून पीठ लहान पिशवीत, दळल्याची तारीख बघून घेते आणि हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवते. इथले कारागीर तीन गोष्टी ताज्या हव्यात म्हणतात : दळण, मळणं, उकडणं. मला त्यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची वाटते. (तुटलेले तुकडे वाया गेले नाहीत. शेंगोळ्यांसारखे तिखट आमटीत सोडले. मुलांनी पुन्हा मागितले.)

पाणी पिठाच्या साधारण 45 ते 48 टक्के. आधी निम्मं घालायचं आणि बोटं पसरून पीठ फिरवत राहायचं, मळायचं नाही. पीठ आधी रवाळ होतं, मग वाटाण्याएवढ्या गोळ्या होतात, मग त्या आपोआप एकमेकींना धरतात. ही पाच-सात मिनिटं घाई केली तर पुढे काहीच सुधारत नाही. लाटणं आणि कापणं सरावाने येतं. जाडी आणि रुंदी दोन्ही दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवते. जुनं एदोचं, म्हणजे पूर्वीच्या टोकियोचं, प्रमाण एका सुनमध्ये, म्हणजे सुमारे 3 सेंटिमीटरमध्ये, 23 शेवयांचं आहे. तिथवर माझा हात अजून गेलेला नाही.

घरच्या शेगडीवर एका वेळी एकाच माणसापुरत्या उकडा. मोठ्या पातेल्यात, खळखळत्या पाण्यात मिनिटभर, मग गार पाण्यात चोळून धुवायच्या. उरलेलं पाणी टाकू नका. ते 'सोबायु', भाताच्या पेजेसारखं, शेवया बुडवून खायच्या, वाटीत उरलेल्या सॉसमध्ये घालून शेवटी प्यायचं. आमच्याकडे सॉस कोंबू (समुद्री शेवाळ) आणि सुक्या शिताके मशरूमचा, मासळीशिवाय.

एक गोष्ट मनापासून सांगते. कुट्टूची अॅलर्जी जिवावर बेतू शकते. जपानमध्ये खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर सोब्याचा उल्लेख कायद्यानेच सक्तीचा आहे. मी पाहुण्यांना विचारल्याशिवाय पीठ बाहेर काढत नाही, कारण ते हवेतही उडतं. भारतात नवरात्रात मिळणारं कुट्टूचं पीठ वापरणार असाल, तर जुनं आणि खवट तर नाही ना, हे वास घेऊन बघा.

नुसत्या कुट्टूच्या सोब्याला इथे 'जूवारी' म्हणतात, दहापैकी दहा हिस्से. हा शब्द आईला फार आवडला. गेल्या आठवड्यात नव्या पिकाचं पीठ आलं, किंचित हिरवट, ओल्या गवताच्या वासाचं. 300 ग्रॅम घेतलं, गहू नाही, पाणी थंडच. एकही शेवई तुटली नाही. आईला फोन लावून ताट दाखवलं, तर तिचा पहिला प्रश्न : "पीठ कधीचं?"

"परवाचं," म्हटलं.