विकलेल्या गाडीचा वाद: आरटीओ, पोलीस, कोर्ट, ग्राहक आयोग की लोकअदालत?

गोव्यात जुनी गाडी बहुतेक वेळा ओळखीतच जाते. चवथीच्या तोंडावर नवी घ्यायची असते म्हणून जुनी घाईने काढली जाते, ऑफिसातला कुणी गिऱ्हाईक घेऊन येतो, अंगणातच सौदा ठरतो आणि टीटीच्या, म्हणजे नाव बदलण्याच्या, कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून चावी दिली जाते. मग काही महिन्यांनी कुठलं तरी चलन येतं, दिलेला चेक परत येतो किंवा घेणारा ‘इंजिन बसलं, पैसे परत द्या’ म्हणत दारात उभा राहतो. अशा वेळी जो तो एकच सल्ला देतो: पोलिसांत जा. काही प्रकरणांत तो योग्यही असतो, पण पहिलं पाऊल म्हणून क्वचितच.

कुठे जायचं ते वाद कशाचा आहे यावर ठरतं. गाडी अजून तुमच्या नावावर आहे, पैसे अडकलेत, की गाडीच्या अवस्थेवरून भांडण आहे? तिन्हींचे मार्ग वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. पोलीस स्थानकाच्या फेऱ्या मारण्यात महिना गेला तर चेकच्या नोटिशीची मुदत हातची जाते.

गाडी अजून तुमच्याच नावावर असेल तर

सगळ्यांत जड वाद हाच, आणि विकणारे याच्याकडेच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. पैसे घेऊन ताबा दिला की माल विक्री कायद्याने गाडी घेणाऱ्याची होते हे खरं, पण अपघातातल्या जखमीला या व्यवहाराशी काही देणंघेणं नसतं. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. मूळ मालकाचं म्हणणं होतं की गाडी २००७ मध्येच विकली, अपघात २००९ चा. मधल्या काळात गाडी हातोहात फिरली होती आणि नोंद मात्र कुणीच बदलली नव्हती. भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली. गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग काढत फिरण्याचं ओझं अपघातग्रस्तांवर टाकता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं, आणि ते न्याय्यच आहे.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. समजा, डिचोलीच्या एका शिक्षिकेने आपली पांढऱ्या पाटीची गाडी किनारी भागातल्या तरुणाला विकली. त्याने नाव बदललं नाही आणि गाडी पर्यटकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी, पिवळी अक्षरं आणि परवाना लागतो. खासगी गाडी अशी देणं बेकायदा आहे. तरीही हा धंदा चालतो हे किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. रात्री दोनला बागा रस्त्यावर या गाडीने कुणाला उडवलं, तर नंबरावरून पोलीस पोचतात डिचोलीला. गाडी कोण चालवत होतं ही माहिती देण्याचं बंधन कलम १३३ प्रमाणे मालकावर आहे. विमा कंपनीही ‘खासगी पॉलिसीवर भाड्याचा धंदा’ हा मुद्दा काढून अंग काढून घ्यायला बघते. चालवणारा अल्पवयीन निघाला तर कलम १९९अ लागतं: पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

आता मार्ग शेजारी शेजारी ठेवून बघू. आरटीओत फॉर्म २९ देणं सगळ्यांत स्वस्त आणि एका दिवसात होणारं काम. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणारा परराज्यातला असेल तर ४५ दिवसांत विक्री कळवायची असते. घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात. मुदत उलटली असली तरी जाऊन द्या आणि पोच घ्या. फक्त एवढ्याने नाव उतरत नाही, त्यासाठी घेणाऱ्याचा फॉर्म ३० लागतो. पण आपलं काम आपण कधी केलं याचा तारखेचा पुरावा तुमच्या हाती राहतो. दोन्ही फॉर्म सह्या करून घेणाऱ्याच्या किंवा एजंटच्या हाती सोपवायचे आणि तो जमा करील म्हणून स्वस्थ बसायचं, ही आपल्याकडची पद्धत अगदी घातक आहे.

पोलिसांकडे याच टप्प्यावर जायचं, पण तक्रार घेऊन नको, माहितीचं पत्र घेऊन. गाडी अमुक तारखेला अमक्याला विकली, नाव बदललेलं नाही, सोबत कागद जोडले आहेत, एवढंच लिहा आणि आवक शिक्का घ्या. घेणाऱ्याला नाव बदलायला लावणं पोलिसांच्या हातात नाही. मात्र उद्या गाडी गुन्ह्यात सापडली तर हे पत्र तुमच्या बाजूने बोलतं.

सक्ती करू शकतं ते फक्त दिवाणी न्यायालय. वकिलामार्फत नोटीस, आणि तिला दाद मिळाली नाही तर घेणाऱ्याने नाव बदलून घ्यावं असा सक्तीचा आदेश मागणारा दावा. यात वेळ जातो, वकिलाची फी जाते, आणि म्हणून लोक टाळतात. माझं मत स्पष्ट आहे: आरटीओ आणि पोलिसांचं पत्र एकाच आठवड्यात उरका, नोटीस लगेच पाठवा, आणि गाडी रस्त्यावर धावत असेल तर दाव्याला मागेपुढे पाहू नका. अपघाताच्या भरपाईची रक्कम गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते.

या सगळ्याचा पाया म्हणजे ताबा पावती. तिच्यात गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन क्रमांक, ओडोमीटरचा आकडा, रक्कम कशी मिळाली, घेणाऱ्याचा पत्ता आणि ओळखपत्राची प्रत हवी. तारखेबरोबर वेळही हवी: ‘संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी ताबा दिला, यापुढील अपघात, चलन व गुन्ह्याची जबाबदारी घेणाऱ्याची.’ त्याच संध्याकाळी सातला मेर्शीच्या सिग्नलवर कॅमेऱ्याने गाडी टिपली, तर ते चलन कुणाचं हे या एका ओळीवरून सांगता येतं. मात्र ही अट तुमच्या दोघांतली आहे. अपघातग्रस्ताला ती बांधत नाही. तिच्या आधारे तुम्ही भरलेली रक्कम घेणाऱ्याकडून वसूल करण्यासाठी मागू शकता, इतकाच तिचा उपयोग, आणि तोही कमी नाही.

विम्याचंही लक्षात ठेवा. गाडी विकली की कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टी विमा घेणाऱ्याकडे गेल्याचं मानलं जातं, पण त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण असं आपोआप जात नाही. पॉलिसी नावावर करून न घेता गाडी ठोकणाऱ्याला तो दावा मिळणं कठीण. नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याचा, तो नव्या गाडीला लावून घ्या. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहील.

पैसे अडकले असतील तर

चेक घेतला असेल आणि तो वटला नाही, तर इतर सगळं बाजूला ठेवून चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ चा मार्ग धरा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि खटला चालू असताना २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मिळू शकते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक तुम्ही आपल्या खात्यात भरला असेल तर तुमची शाखा जिथे तिथल्या न्यायालयात खटला चालतो. घेणारा बेळगावचा असला तरी खातं फोंड्याच्या शाखेत असेल तर तारखेला यावं लागेल त्याला.

चेक नसेल आणि ‘उरलेले पन्नास हजार पुढच्या महिन्यात’ असं ठरलं असेल, तर सगळं कागदावर अवलंबून. लेखी करारात रक्कम ठरलेली असेल तर संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव मांडायलाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, म्हणून तो साध्या दाव्यापेक्षा वेगवान. नुसता तोंडी शब्द असेल तर साधा वसुली दावा, तीन वर्षांच्या आत.

आणि पोलीस? फसवणुकीचा गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, तेव्हाच उभा राहतो जेव्हा फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता. खोटं ओळखपत्र देऊन गाडी नेली, ऑनलाइन पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवला, तर त्याच दिवशी पोलीस स्थानक गाठा. पण निम्मे पैसे देऊन उरलेल्यांसाठी टोलवाटोलवी करणारा माणूस बहुतेक वेळा दिवाणी वादातच मोडतो, आणि पोलीस तसं सांगून परत पाठवतात तेव्हा त्यांचं चुकत नाही.

गाडी खराब निघाली असेल तर

ही बाजू घेणाऱ्याची. घरगुती विक्रीत ग्राहक आयोगाचं दार बंद असतं, कारण स्वतःची गाडी विकणारा शेजारी कायद्याच्या नजरेत व्यापारी नाही. माल विक्री कायद्याचं कलम १६ ही विकणाऱ्याच्या बाजूने: गाडी बघून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. पण ‘अपघात झालेला नाही’, ‘मीटर खरं आहे’ असं ठामपणे सांगितलं असेल आणि ते खोटं निघालं, तर करार रद्द करण्याचा किंवा भरपाईचा हक्क उरतो. पुरावा असतो व्हॉट्सॅपवर, जाहिरातीच्या स्क्रीनशॉटमध्ये आणि सर्व्हिस सेंटरच्या जुन्या बिलांत, जिथे प्रत्येक वेळचं किलोमीटर वाचन छापलेलं असतं. संदेश पुसू नका, आणि न्यायालयात असा पुरावा प्रमाणपत्रासह द्यावा लागतो म्हणून फोनही जपून ठेवा.

गाडी डीलरकडून घेतली असेल तर चित्र पालटतं. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. काणकोणच्या माणसाने म्हापशाच्या डीलरविरुद्ध दक्षिण गोव्यातच तक्रार दिली तरी चालते.

लोकअदालत

लाखभराच्या आतल्या भांडणाला मी हाच रस्ता सुचवतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यायचा, दावा लावण्याआधीही देता येतो. फी लागत नाही, दावा आधीच लावला असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि तडजोड झाली की तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं. तिच्यावर अपील नाही. अडचण एकच आहे, दोघेही तयार हवेत. समोरचा फिरकलाच नाही तर पुन्हा नोटीस आणि दावा. त्याच प्राधिकरणाकडून महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे सांगणारे फार कमी भेटतात म्हणून इथे मुद्दाम लिहितो आहे.

अजून विकायची असेल तर

घरगुती विक्रीत दाम बरा येतो आणि वरच्या सगळ्या जोखमी तुमच्या. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत जुन्या गाड्यांच्या डीलरला विकताना फॉर्म २९सी भरून गाडी त्याच्याकडे सोपवल्याची नोंद होते, आणि तेव्हापासून त्यालाच मालक मानलं जातं. यासाठी डीलरकडे आरटीओचं प्राधिकारपत्र असायला हवं, ते स्वतः पाहा. वयस्कर आई-वडिलांची गाडी विकत असाल, किंवा तुम्ही परदेशात असाल, तर थोडा कमी दाम घेऊन हाच मार्ग धरा. बोटीवर किंवा आखातात असलेल्या माणसाला आरटीओच्या आणि न्यायालयाच्या फेऱ्या मारणं शक्यच नसतं.

सावंतवाडी-बेळगावकडे गाडी जात असेल तर फॉर्म २८ ची एनओसी घेतल्याशिवाय चावी देऊ नका. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा फॉर्म ३५ ने उतरवून घ्या.

आणि गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर एकट्या मुलाच्या सहीवर ती विकू नका, घेऊही नका. गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणजे निम्मा हिस्सा आईचा आणि उरलेल्यात सगळे वारस. विशेष नोटरीकडचा वारसा दस्त आणि सर्वांची लेखी संमती घ्या, फॉर्म ३१ ने नाव बदलून घ्या आणि मगच सौदा करा.