भाड्याचा प्रोजेक्टर आणि खळ्यातली तलवारबाजी

मे महिन्यात मुंबईची सगळी भावंडं गावी आली म्हणून कुडाळातल्या एका दुकानातून प्रोजेक्टर भाड्याने आणला, एका रात्रीचे १२०० आणि डिपॉझिट २०००. खळ्यात मांडवाच्या खांबांना पांढरी चादर बांधली आणि लावला क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन हा चिनी तलवारबाजीचा पिक्चर, कारण मी पोरांना आधीच फुशारकी मारून ठेवलेली की २००० सालचा असला तरी आजच्या मारधाडीला भारी आहे, चार ऑस्कर आहेत वगैरे.

आधी प्रोजेक्टरचं. दुकानदार म्हणालेला, थेटरसारखं दिसेल. बांबूच्या वनातली मारामारी दिसली खरी मस्त, चादर हिरवीगार, शेंड्यावर झुलणारी माणसं, पोरं एकदम गप्प. पण तलवार चोरीला जाते ती रात्रीची पळापळ, कौलांवरून उड्या, भिंतीवरून धावणं, सगळं नुसतं काळं. पीटर पाऊला कॅमेऱ्याचं ऑस्कर आणि आमच्याकडे दोन सावल्या नि उजेडाला आलेली पाखरं. वर ब्लूटूथ स्पीकरचा आवाज मागे, तलवार आपटून झाली की मग खण्ण! त्या सीनला संगीतकार तान दुनने नुसते ढोल ठेवलेत हो, ठोक्यावर लढाई चालते, तिथेच ठोका चुकला तर राहिलं काय? शेवटी शेजारून वायरचा स्पीकर आणला आणि सीन परत लावला.

तेव्हा आजी बोलली, "ह्यां तर धयकाल्यातलां युद्ध मां रे!" धयकालो म्हणजे आमचं दशावतारी नाटक. बरोब्बर. पुण्याचा मेव्हणा तासभर कुरकुरत होता, माणसं उडतात कशी, लॉजिक काय (मॅट्रिक्सच्या मारामाऱ्या बसवणाऱ्या युएन वू-पिंगनेच तारांना टांगून उडवलीत, मग कॉम्प्युटरवर तारा पुसल्या). पण जत्रेत पहाटेपर्यंत बसून मृदंगाच्या तालावर गिरक्या घेत चाललेलं युद्ध बघितलेल्या बाईला त्यात अडण्यासारखं काहीच नव्हतं.

समीक्षकांचं नि पब्लिकचंही तेव्हा असंच दोन बाजूंना गेलेलं. अमेरिकेत डोक्यावर घेतला, सबटायटल वाचत बघायचा पिक्चर असून १२ कोटी डॉलरच्या वर धंदा, ऑस्करची १० नॉमिनेशनं. चीनमध्ये मात्र थंड. एक तर उडत्या तलवारबाजांचं त्यांना कौतुक नाही, लहानपणापासून तेच बघतायत, आणि दुसरं म्हणजे भाषा. चाउ युन-फॅट हाँगकाँगचा, मिशेल योह मलेशियाची, त्यांची मँडरिन ऐकून तिथले लोक वैतागले. हसू नका, सिरियलमध्ये कोणीतरी प्रत्येक वाक्याला 'आसा' चिकटवून मालवणी बोलतो तेव्हा आपण टीव्हीला काय काय शिव्या घालतो?

मला विचाराल तर वाळवंटातला फ्लॅशबॅक लांबलाय, पोरं तेव्हाच आंबे खायला उठली. पण चाउ युन-फॅट आणि मिशेल योह चहा घेत बसलेत आणि तो तिचा हात धरून गालाला लावतो, एवढंच, तिथे एकही तलवार नाही आणि माझ्या दोन्ही वहिन्या हलल्या नाहीत.

सकाळी प्रोजेक्टर परत द्यायला गेलो तर डिपॉझिटातले ३०० कापले, का तर आत पाखरू गेलंय म्हणे. मे महिन्यात, कोकणात, उजेड लावल्यावर पाखरू येणार नाही तर कोण येणार? प्रोजेक्टरला दोन स्टार, त्यातला एक बांबूंना. न्यायचाच असेल तर वायरचा स्पीकर घरचा ठेवा आणि रात्रीचे सीन कमी असलेला पिक्चर निवडा.