मुद्रांक कायदा की चहा कायदा? अमेरिकी असंतोष शिकवताना काय निवडावे

स्वातंत्र्यापूर्वी अमेरिकी वसाहती ब्रिटिशांवर का चिडल्या, यावर एकच प्रकल्प करायचा किंवा एकच तास शिकवायचा असला की बहुतेकांना बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आठवतो. आमचा कल मात्र १७६५ च्या मुद्रांक कायद्याकडे आहे.

फ्रान्सविरुद्धच्या सप्तवार्षिक युद्धाने ब्रिटन कर्जात बुडाले होते. अमेरिकेतल्या फौजेचा काही खर्च वसाहतींनी उचलावा म्हणून पंतप्रधान ग्रेनव्हिल यांनी हा कर आणला. कोर्टाचे कागद, खरेदीखते, वर्तमानपत्रे, पंचांगे हे सगळे लंडनहून शिक्का मारून आलेल्या कागदावरच हवे. (प्रकल्पात टपालाचे तिकीट चिकटवू नका, तो कागदावर दाबून उमटवलेला शिक्का होता.) पत्त्यांच्या कॅटवर १ शिलिंग, फाशांच्या जोडीवर १०, वर्तमानपत्रातल्या प्रत्येक जाहिरातीवर २. वकील आणि छापखानेवाले, म्हणजे लोकमत घडवणारेच, यात सर्वाधिक भरडले गेले. शिवाय खटला ज्यूरी नसलेल्या नाविक न्यायालयात चालू शकत होता, आणि ज्या पार्लमेंटने कर लावला तिथे वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता.

कायद्याची कच्ची कडी होती शिक्क्याचा कागद विकणारे वितरक. १४ ऑगस्टला बॉस्टनमध्ये वितरक अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला गेला आणि त्यांनी पद सोडले. इतर ठिकाणीही राजीनामे आले. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला, पण शिक्क्याचा कागद विकायला जवळपास कोणी उरलेच नव्हते. न्यूयॉर्कला ९ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला, तोट्यात आलेले लंडनचे व्यापारीच कायदा रद्द करा म्हणू लागले.

चहाचे प्रकरण शिकवायला अवघड, कारण "चहा महागला म्हणून लोक चिडले" हे सोपे उत्तर चूक आहे. चहावर दर पौंड वजनामागे ३ पेन्सची जकात १७६७ पासूनच होती. १७७३ च्या चहा कायद्याने दिवाळखोरीला टेकलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला वखारीत पडून राहिलेला चहा आपल्याच अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विकू दिला, त्यामुळे तो उलट स्वस्त होणार होता. चोरून डच चहा आणणाऱ्यांचा आणि अडत न मिळालेल्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता. आणि स्वस्त चहा घेणे म्हणजे पार्लमेंटचा कर लावण्याचा हक्क मान्य करणे. हा चहा घेऊन बॉस्टनला आलेल्या 'डार्टमाउथ' जहाजाला २० दिवसांत जकात भरणे भाग होते, गव्हर्नर हचिन्सन ते परत जाऊ देईनात. मुदतीच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या आंदोलकांनी समुद्रात फेकल्या. तो चहा चिनी होता, आसामचा नव्हे. ही चूक आपल्याकडे सर्रास होते.

तुमचा प्रश्न "युद्ध का पेटले" असा असेल, तर चहाच घ्या. तिथून १७७४ ची बॉस्टन बंदरबंदी आणि १७७५ ची लेक्सिंग्टनची पहिली लढाई सरळ जोडता येते. मराठी इतिहासाशी दुवा हवा असेल तरीही चहाच. कंपनीच्या त्याच आर्थिक संकटातून १७७३ चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आला, त्याने मुंबईवर बंगालचा अंकुश बसवला आणि म्हणूनच रघुनाथरावांशी मुंबईकरांनी परस्पर केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने अमान्य केला.

मुद्रांक निवडलात, तर कायदा रद्द झाला त्या १८ मार्च १७६६ वर थांबू नका. त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा करून वसाहतींसाठी सर्व बाबतींत कायदे करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. चहावरचे ३ पेन्स त्याच हक्काच्या जोरावर लावले गेले.