खांदेदुखीसाठी मसाज: काही महिन्यांनंतरचा माझा अनुभव

खांदा दुखतोय, मसाज घेऊ का असं ऑफिसमधे सारखं कोणी ना कोणी विचारतं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मला मसाजने फरक पडला, चांगलाच पडला, पण आमच्याच घरात दुसरा एक दुखरा खांदा आहे, सासूबाईंचा, त्याला त्याच मसाजने काडीचाही फरक पडला नाही. तेव्हा आधी खांदा नक्की कशाने दुखतोय ते बघा, पैसे नंतर घाला.

माझं दुखणं म्हणजे मानेपासून उजव्या खांद्यापर्यंतचा तो पट्टा असतो ना, ट्रॅपेझियस, तो कायम आखडलेला. दिवसभर लॅपटॉप, जाता येता ठाणे ते करी रोड स्लो लोकलमधे उभ्याने, एक हात वर कडीला आणि खांद्यावर बॅग. रात्री त्या कुशीवर झोपता येईना. ऑर्थोने, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांनी, हात सगळीकडे फिरवून बघितला आणि म्हणाले सांधा ठीक आहे, स्नायूंचं दुखणं आहे.

मग सुरू झाली मसाजची वारी. आधी एक स्पा. छान वाटलं, मंद संगीत, सुगंधी तेल, मी तर घोरायला लागले असणार, पण दोन दिवसांत खांदा परत होता तिथंच. मग शेजारच्या काकूंकडे येणाऱ्या मालिशवाल्या मावशी, कोमट तिळाचं तेल, हाताला जोर असा की विचारू नका. त्यांचं म्हणणं दुखलं तरच गाठ सुटते, आणि दुसऱ्या दिवशी खांद्यावर काळंनिळं. बाळंतिणीची मालिश त्या अप्रतिम करतात हे मी कोणालाही सांगेन, पण खांद्यासाठी परत नाही बोलावलं.

शेवटी टिकले ते फिजिओकडे. तिने आधी दुखतं तिथं हातच लावला नाही, हात वर करायला लावला, पाठीमागे न्यायला लावला, मान वळवायला लावली, आणि मग मागून खांद्याच्या फऱ्यावर एका जागी अंगठा ठेवला तर कळ आली थेट खांद्याच्या पुढच्या बाजूला! मी वळून बघितलं की हिने दुसरा हात पुढे लावलाय का. तर तो म्हणे इन्फ्रास्पायनेटस नावाचा स्नायू, दुखतो मागे आणि जाणवतो पुढे. दाबल्यावर दुसरीकडे कळ मारणाऱ्या स्नायूतल्या अशा गाठीला ट्रिगर पॉइंट म्हणतात, आणि हा विषय ज्यांनी गाजवला त्या जॅनेट ट्रॅव्हेल बाई म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर, त्यांच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या. या गाठी म्हणजे आत नक्की काय असतं यावर डॉक्टर लोकांत अजून वाद आहेत, पण दाबल्यावर मला जे झालं त्यात वाद नाही.

तिची पद्धत म्हणजे चोळणं फार नाही, अंगठा दाबून धरायचा, कळ ओसरेपर्यंत थांबायचं आणि मधेच विचारायचं, दहापैकी किती दुखतंय? मी सात म्हटलं की लगेच जोर कमी. जोर जास्त लावला की अंग आपोआप आक्रसतं आणि मग मोकळं काय होणार. नंतर एखाद दिवस अंग ठणकतं, ते चालतं, काळंनिळं पडता कामा नये.

सुरुवातीला आराम दोनेक दिवसच टिकायचा. हळूहळू तो वाढला, पण खरं सांगू का, तो व्यायामामुळे. रबर बँड दाराला अडकवून मागे ओढायचा, दाराच्या चौकटीत हात टेकवून छाती ताणायची, आणि लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड. फिजिओने तोंडावरच सांगितलं होतं, मी मोकळं करून देते, टिकवायचं काम तुमचं. ज्या आठवड्यात व्यायाम बुडाला त्या आठवड्यात मसाजही फुकट गेला.

आता सासूबाई. त्यांना आंबाडा बांधता येईना, ब्लाउजचे हूक लावता येईनात. माझं बघून त्यांनीही मसाज सुरू केला, रात्रीपुरती झोप लागायची, हात मात्र इंचभर वर जाईना. फरक असा की माझा हात दुसऱ्याने उचलला तर पूर्ण वर जायचा, त्यांचा दुसऱ्याने उचलला तरी अडकायचा, आणि कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवायचा म्हटलं तर नावच नको. फ्रोझन शोल्डर. हे नाव कॉडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1934 मधे दिलं. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं, चाळिशी ते साठीत जास्त, बायकांत जास्त, आणि डायबेटीस असेल तर आणखीच, सासूबाईंना तो आहेच. वरून कितीही चोळा, अंगठा त्या आवरणापर्यंत पोचत नाही, तेल तर नाहीच नाही. महानारायण तेलाच्या बाटल्या संपवल्यात आम्ही, ऊब मिळते, चोळून बरं वाटतं, बास. त्यांना डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं (त्याने शुगर काही दिवस वाढते, आधी विचारून घ्या) आणि वाकून हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा फिरवायचा व्यायाम. हे दुखणं एक ते तीन वर्षं चालू शकतं म्हणे, पण आता वरच्या फळीवरचा डबा काढतात.

मसाज कोणी घेऊ नये ते पण लिहिते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोरात मसाज नको. पडल्या-आपटल्यावर लगेच नको. हाताला मुंग्या, बोटं बधिर, पकड ढिली असं असेल तर मूळ मानेत असू शकतं, आधी दाखवा. आणि डाव्या खांद्यात कळ, सोबत घाम, धाप, छातीत दाब, तर तेल गरम करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

मसाज गन, ते थरथरत स्नायूंवर ठोके देणारं मशीन, ती पण घेतली होती सेलमधे. फऱ्याच्या मागे नेमक्या जागी आपला हात पोचतच नाही आणि गळ्याच्या पुढे, बाजूला, हाडावर ती लावायची नसते, मग उरलं काय? त्यापेक्षा टेनिस बॉल भिंत आणि पाठीच्या मधे धरून हळूहळू घोळवायचा, तेच काम होतं. गन सध्या नवऱ्याच्या पोटऱ्यांवर चालते, तो खूश आहे.

फिजिओकडे आता खांदा कुरकुरला तरच जाते, बहुतेक ऑफिसच्या क्वार्टर एंडला, तिमाही संपतानाच्या धावपळीत.